हरूबाईचा पिक्चर

काकासाहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वाचनालयाची किल्ली ठेवली.

"वाच," ते म्हणाले. "सही कर आन् किल्ली घेऊन जा."

आकांक्षानं किल्लीला हात लावला नाही. किल्लीआड अर्धे झाकलेले शब्द तिनं मान वाकडी करून वाचले. अक्षर धर्मराज सरांचं होतं, वळणदार, शाळेच्या दाखल्यावर असायचं तसं. गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल या नात्यानं तिनं मागच्या रविवारी महिलांना एक जपानी चित्रपट दाखवला. त्यातली रक्ताची दृश्यं विकृत होती. असे प्रकार कुठेही घडत नाहीत. या सगळ्याबद्दल ती गावाची माफी मागते. अशी चार वाक्यं होती.

"विकृत चालंल," ती म्हणाली. "ते ज्याचं त्याचं मत हाये. पण हे तिसरं वाक्य मला लिहिता येत न्हाई, अण्णा. असं कुठंच घडत न्हाई, हे मला कसं माहीत?"

"अगं, माफीनामा आहे तो," धर्मराज सर म्हणाले. ते वाचनालयाचे सचिव होते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी समोर कुणी बोलू लागलं की त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जाई. "तुझी प्रयोगवही न्हाई."

"माफीनामा हाये म्हणून खोटं लिहायचं का, सर?"

काकासाहेब हसले. ते वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि आकांक्षाचे थोरले चुलते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि चिडले की अण्णा आधी हसतात हेही घरात सगळ्यांना माहीत होतं.

"विकृत खोड," ते म्हणाले. "माफीचं खोडायचं तर ते बी खोड. पर तिसरं वाक्य राहू दे."

आकांक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. माफी नको, पण ते वाक्य हवं, हे तिला कुठंच बसवता येईना. कॉलेजात तिला शिकवलं होतं की न बसणारं मोजमाप खोडायचं नसतं. ते आधी लिहून ठेवायचं.

"शनिवार संध्याकाळपर्यंत टाइम हाये," काकासाहेब उठत म्हणाले. "प्रोजेक्टर तुझा, पर भिंत वाचनालयाची हाये. त्या अकरा पोरी दुपारी अभ्यासाला बसतात, ते टेबल बी वाचनालयाचं हाये. इचार कर."

त्यांनी किल्ली पुन्हा खिशात घातली. कागद तिच्याकडे राहिला.

*

तो पिक्चर तिनं स्वतः निवडला नव्हता. वाचनालयाच्या दारात पत्र्याचा एक डबा असे. रविवारी काय बघायचं याच्या चिठ्ठ्या त्यात टाकायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आकांक्षाला तोंडी सांगायचं. अकरा रविवार तिनं चांगले म्हणतात ते पिक्चर लावले होते. चौदाच्या वर बायका कधी आल्या नाहीत. बाराव्या रविवारी डब्यात सात चिठ्ठ्या निघाल्या आणि सातही भीतीच्या पिक्चरच्या होत्या. झाडलोट करणाऱ्या गोजरबाईनं तोंडी सांगितलं होतं, "रडका नको, देवाचा नको. रगताचा लाव."

रक्ताचा म्हटल्यावर आकांक्षाला एकच आठवला. 'सातवा पट्टा'. जालन्याला बीएस्सी करताना होस्टेलवरच्या एका मुलीच्या पेनड्राइव्हवर तो तिला सापडला होता आणि तिनं तो पाच वेळा पाहिला होता. समुद्राकाठच्या गावात सरकत्या पट्ट्यावर मासे डब्यात भरायचा कारखाना. तिथं हारू नावाची बाई कामाला. एक दिवस तिचा हात पात्याखाली जातो. मालक म्हणतो, तिचीच चूक, पट्टा थांबवू नका. पट्टा चालू राहतो, डबे बंद होऊन गावोगाव जातात. मग जिथं डबा उघडेल तिथं रक्त येतं. शाळेत, दवाखान्यात, मालकाच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत. ते थांबतच नाही. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त असतं. पिक्चरमध्ये एका हातातून कमीत कमी नऊ हजार लिटर वाहतं, असं तिनं खोल्यांच्या लांबी-रुंदीवरून काढलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी जपानमध्ये तो आठवडाभरात थिएटरांतून उतरवला गेला. एका समीक्षकानं लिहिलं होतं की मध्येच उठून बाहेर जाऊन त्यानं दोनदा हात धुतले. मग कॅसेटवरून कॅसेट काढत तो जगभर गेला. आता परदेशातली कॉलेजची पोरं लाल रेनकोट घालून तो बघायला जमतात आणि संवाद पडद्याच्या आधी म्हणतात. हे सगळं आकांक्षानं वहीत उतरवलं होतं. एकच नोंद तिला कळली नव्हती. उत्तरेकडच्या एका लहानशा बंदराच्या गावात, एकाच थिएटरात, फक्त दुपारच्या खेळाला, तो एकोणीस आठवडे चालला होता. त्यापुढं तिनं लिहिलं होतं: कारण माहीत नाही.

इथं पहिल्याच खेळाला एकसष्ट बायका आल्या. पडद्यावर इंग्रजी ओळी येत होत्या, त्या आकांक्षा माइकवर आपल्या बोलीत सांगत होती. हारूची पहिल्या दहा मिनिटांत हरूबाई झाली. हात पात्याखाली गेला तेव्हा आकांक्षा मालकाचं वाक्य म्हणत होती, "हिचीच चूक हाये, पट्टा चालू ठेवा." त्याच वेळी मागच्या बाजूनं कुणीतरी काही बोललं, आणि एकसष्ट बायका एकदम हसल्या. हसता हसता टाळ्या वाजायला लागल्या. माइकमुळं तिला मागचं काही ऐकू आलं नाही. रक्त फार भडक लाल आहे, म्हणून हसल्या असतील, असं तिला वाटलं. दीड तासात एकही बाई उठून गेली नाही.

सोमवारी सकाळी काकासाहेबांनी किल्ली मागून घेतली होती.

*

बाहेर गोजरबाई पायऱ्या झाडत होती. डाव्या हातात खराटा, उजवा हात कोपरापासून नव्हता. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत तो काकासाहेबांच्या मशीनमध्ये गेला होता. त्या मशीनला गावातली पोरं श्वरची मशीन म्हणत, कारण तिच्या तोंडाच्या हिरव्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत तेवढंच दिसे: श्वर प्रसन्न. त्या दिवशी काकासाहेबांनी गोजरबाईला स्वतःच्या जीपमध्ये घालून संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. बरी होऊन आल्यावर वाचनालयाची झाडलोट तिला दिली. अण्णानं भावासारखं केलं, असं गाव म्हणे. आणि दुसरंही एक म्हणे. मळणीला निघालेल्या पोरींना त्यांच्या आया अजून बजावत, "पदर खोच, न्हाईतर गोजर होशील."

"मावशी," आकांक्षानं विचारलं, "रविवारी मागून तुम्हीच बोलल्या ना? सगळ्या हसल्या तेव्हा."

गोजरबाईनं खराटा उरलेल्या दंडाखाली धरला.

"तुला न्हाई सांगितलं कुणी?"

"सगळ्या म्हणतात आठवत न्हाई."

"त्यांना अण्णाच्या रानात खुरपायला जायचंय. कशाला आठवंल?"

"तुम्ही सांगा मंग."

"आधी तू सांग. हरूबाईनं काय घातलं व्हतं?"

आकांक्षाला पिक्चर पाठ होता. "पांढरी पँट. पांढरा सदरा, बाह्या मनगटाला रबरानं आवळलेल्या. केस टोपीत. पायात रबरी बूट."

"बराबर. समदं आवळलेलं. तरी हात गेला." गोजरबाईनं खराट्याला अडकलेलं चिंचेचं पान काढून टाकलं. "मी येवढंच म्हन्ले, बायांनो, हिला कुठं पदर व्हता?"

आकांक्षा पायरीवर बसली. वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या नववीच्या पोरींना ती दोन कुंड्या ठेवून शिकवायची. दोन्हींत सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट काढून घ्या. ती काढूनही तेच घडलं, तर कारण ती गोष्ट नव्हे. तिनं पिशवीतून वही काढली, त्या बंदराच्या गावातल्या एकोणीस आठवड्यांचं पान शोधलं, 'कारण माहीत नाही' या शब्दांवर रेघ मारली. पुढं काही लिहिलं नाही.

"तुमचा पदर खोचलेला होता?"

"कमरंला दोन येढे मारून. वरून नवऱ्याचा फुल बाहीचा शर्ट, बटनं लावून. आपण रानात घालतोच की. आधी हात गेला, मंग बाही, मंग शर्टाबरोबर पदर. मला म्हाईत असनार ना कंचं आधी गेलं."

"पंचनाम्यात का न्हाई सांगितलं?"

"मी दवाखान्यात. मला कोण इचारून राह्यलं? आले तवर समदं लिहून झाल्तं. खाली पंचांच्या सह्या बी झाल्त्या." ती पुन्हा झाडू लागली. दोन पायऱ्या झाडून झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "सह्या करनारे बी वाईट न्हाईत, पोरी."

आकांक्षानं वही मिटून पिशवीत ठेवली.

"पर तुझ्या पिक्चरमंदी एक खोटं हाये," गोजरबाई म्हणाली. "रगत येवढं उडत न्हाई."

"ते साखरेच्या पाकात रंग घालून करतात. माणसाच्या अंगात पाचच लिटर असतं."

"पाच? मला तर हौदभर गेल्यावानी वाटलं." गोजरबाई हसली. "लाल मातर बराबर व्हतं हां. तसंच दिसतं."

*

मशीन काकासाहेबांच्या शेडमध्ये उभी होती. नवा ड्रायव्हर साहेबराव तिच्या पट्ट्याला हात लावून ताण बघत होता. तुरीच्या शेंगा वाळल्या होत्या. बुधवारी मशीन निघणार होती.

"काय ताई, मशीनला ब्लाउज शिवताय का?" आकांक्षाच्या हातातली आईची शिवणकामाची फीत बघून त्यानं विचारलं.

"माप तर घेऊ द्या."

मशीन बंद होती, तरी तिनं हात हळूहळू आत घातला. पीक आत सारायच्या पत्र्याच्या तोंडापासून आतल्या ड्रमच्या दातांपर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर. बाहेर येऊन तिनं फीत स्वतःच्या हाताला लावली. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत त्रेचाळीस. म्हणजे कोपर बाहेर असतानाच बोटं दातांपर्यंत पोचत होती. मग मोबाइलवर नियम शोधला. तोंड कमीत कमी नव्वद सेंटिमीटर लांब हवं, अर्धं वरून झाकलेलं, म्हणजे कुणी कितीही जोर लावला तरी हात दातांपर्यंत पोचत नाही.

"हे तोंड आखूड कधी केलं, साहेबराव?"

"मी यायच्या आधीच. समदीकडं करतात तसं." त्यानं बोटाला लागलेलं ग्रीस पुसलं. "लांब तोंडातून माल सारता सारता माणूस थकतो. आसं दिवसाचं काम दुपारपर्यंत उरकतं बघा."

पत्र्याच्या कडेवर हिरवा रंग नंतर फासलेला होता. रंगाखाली कापल्याच्या बारीक रेषा लागत होत्या. त्या जिथं संपत तिथून पिवळी अक्षरं सुरू होत. श्वर प्रसन्न.

घरी परतली तेव्हा तिचे वडील, अंगद, अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होते. आकांक्षा खुराड्यापाशी थांबली. दोन वर्षं ती रोज सकाळी वाकून त्यातली अंडी काढत होती. वर छप्पर म्हणून तीन बाजूंनी वळलेला हिरवा पत्रा पालथा घातला होता. त्याच्या कडेला उलटी पिवळी अक्षरं होती. ती तिनं दोन वर्षं रोज पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. राजुरे.

तिनं फीत लावली. बावन्न. एक्केचाळीस आणि बावन्न, त्र्याण्णव.

"पप्पा, हा पत्रा कुठला?"

"कोंबड्या भिजत होत्या," अंगद म्हणाले.

"कुठला, म्हटलं."

अंगदनी मुठीतल्या उरलेल्या कण्या एकेक करून खाली सोडल्या.

"ग्राइंडर घरात मलाच येतो," ते म्हणाले. "आभाळ आल्तं. शेंगा भिजल्या असत्या. अण्णा म्हन्ले, तोंड आखूड कर. केलं."

"आणि पंचनाम्यावर सही?"

"पदर मशीनमंदी सापडला, आसं लिवलं होतं. सापडला व्हता पदर. ते काय खोटं न्हाई."

"पण आधी हात गेला का पदर, पप्पा?"

एक कोंबडी त्यांच्या पायाशी टोचत होती. त्यांनी ती उचलली, खुराड्यात ठेवली आणि दार लावून घेतलं. उन्हं अजून भिंतीवर होती.

"जेवून घे," ते म्हणाले. "आई थांबलीय."

*

शनिवारी वाचनालयात काकासाहेब आणि धर्मराज सर तिची वाटच बघत होते. किल्ली टेबलावर होती. आकांक्षानं कागद पुढं सरकवला. सहीच्या जागेवर सही नव्हती. खालच्या रिकाम्या भागात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

धर्मराज सर मोठ्यानं वाचू लागले. "वाक्य क्रमांक तीन चुकीचे आहे. मळणीयंत्राच्या तोंडापासून ड्रमपर्यंतचे अंतर एक्केचाळीस..." ते थांबले. त्यांनी काकासाहेबांकडे पाहिलं आणि पुढचं मनात वाचलं.

"वाचा की," काकासाहेब म्हणाले.

"किमान नव्वद पाहिजे," सर म्हणाले. "असं लिहिलंय. आणि तोच चित्रपट उद्या संध्याकाळी सात वाजता पुन्हा दाखवणार आहे म्हणे."

काकासाहेब हसले नाहीत.

"घरच्या मशीनला फीत लावली तू?"

"लावली."

"मी धावलो तिला घेऊन. तुझ्या त्या पिक्चरातला मालक धावला का? तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. रगतानं सीट कडक झाल्ती, फाडून टाकावी लागली मला."

"तुम्ही धावला. ते कुणीच न्हाई म्हणत न्हाई." तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरले. "तोंड परत बसवा, अण्णा. बुधवारी तुरीला मशीन निघून राह्यली. आत कुणाचा तरी हात जाणारच हाये."

"कोण सारतंय माल, त्यानं बघून सारावं."

"हरूबाई बघूनच काम करत होती."

"कोण हरूबाई? हाये का कुठं ती?" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "भिंत कुणाची हाये तुला उद्या?"

"गोजरमावशीची."

आता ते हसले. उभं राहून त्यांनी टोपी नीट केली.

"बापाला इचारलंस का? पिक्चर लावायच्या आधी एकदा अंगदला इचार. तोंड कुणी कापलं ते. मंग लाव खुशाल."

 धर्मराज सर खिडकीबाहेर बघत होते.

"मला माहीत हाये कुणी कापलं," ती म्हणाली. किल्ली तिनं बोटानं त्यांच्या बाजूला सरकवली. "पोरी सोमवारपासून आमच्या ओसरीत बसतील."

*

गोजरबाईनं रविवारी दुपारी घराची बाहेरची भिंत चुन्यानं रंगवली. डाव्या हातानं मारलेले ब्रशचे फटकारे सगळे एकाच बाजूला वळलेले होते. पडदा बांधायची गरज उरली नाही.

आकांक्षा प्रोजेक्टर घ्यायला घरी आली तेव्हा वडील नव्हते. ते दुपारपासूनच दिसले नाहीत, असं आई म्हणाली. अंगणभर कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. आकांक्षा त्यांना चुकवत, वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून घाईनं निघाली. वडिलांना काही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

पावणेसातला बायका यायला लागल्या. पहिल्या दोघी आल्या तेव्हा आकांक्षाच्या लक्षात आलं नाही. पाच-सहा झाल्यावर आलं. सगळ्यांनी साडीवर फुल बाहीचे शर्ट घातले होते. रानात घालायचे, नवऱ्यांचे, भावांचे जुने शर्ट. चौकटीचे, रेघांचे, एक पोलीस भरतीचं नाव छापलेला. बटणं गळ्यापर्यंत आणि मनगटापर्यंत लावलेली.

"हे कुणी सांगितलं?" तिनं सत्यशीलाला विचारलं. सत्यशीला आशा वर्कर होती आणि तिच्या आळीतल्या सोळा जणींना घेऊन आली होती.

"कुणी कशाला सांगंल? तूच न्हाई का बोलली, तिकडली पोरं लाल रेनकोट घालून बघतात म्हणून." सत्यशीलानं बाही ताठ करून दाखवली. "आमच्याकडं रेनकोट न्हाई. हे हाये."

"माझ्या मालकाचा हाये," मागून एकजण म्हणाली. "इचारलं न्हाई त्याला. शोधत बसला आसंल."

"बसू दे उघडा."

बायका हसल्या. गोजरबाई भिंतीजवळ, पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही शर्ट घातला होता. उजवी बाही कोपराशी दुमडून सेफ्टीपिननं टाचलेली होती.

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा दिवा आला आणि विझला. काकासाहेब लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. त्यांच्या मागं साहेबराव होता. बायकांचं बोलणं बारीक झालं. दोघी-तिघींनी पदर डोक्यावर ओढला, पण उठल्या नाहीत.

आकांक्षानं प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला. स्टूल बुटकं होतं. समोरच्यांच्या डोक्यांच्या सावल्या भिंतीवर पडत होत्या. वाचनालयाचं टेबल असतं तर जमलं असतं. तिनं स्टुलाखाली दोन विटा लावल्या. प्रोजेक्टर डगमगला.

"थांब," कुणीतरी म्हणालं.

अंगद बायकांच्या मधून वाट काढत येत होते. दोन्ही हातांत, छातीशी धरून, त्यांनी काहीतरी आणलं होतं. बायका पाय आवरून घेत होत्या. जवळ आल्यावर बल्बच्या उजेडात त्याचा हिरवा रंग दिसला. ते घासून धुतलेलं होतं. पाणी अजून कोपऱ्यातून ठिबकत होतं.

त्यांनी स्टूल आणि विटा बाजूला केल्या आणि तीन बाजूंनी वळलेला तो पत्रा आडवा न ठेवता कापलेल्या कडेवर उभा केला. हात लावून बघितलं. डगमगत नव्हता. वर फळी टाकून प्रोजेक्टर ठेवायला बरोबर उंची झाली. पिवळी अक्षरं बायकांच्या बाजूला आली, कुशीवर पडलेली, एकाखाली एक.

कुणीतरी हळू आवाजात वाचलं, "राजुरे." आणि थोड्या वेळानं दुसरं कुणीतरी पुढचं म्हणालं, "श्वर प्रसन्न."

 आकांक्षानं लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. काकासाहेब जागचे हलले नव्हते. साहेबराव मात्र दोन पावलं पुढं आला होता आणि मान लांब करून पत्र्याकडं बघत होता.

अंगद फळीला हात धरून उभे होते. प्रोजेक्टर पक्का बसला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

गोजरबाईनं वळून पत्र्याकडं पाहिलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. रंगाकडं पाहिलं, कापलेल्या कडेकडं पाहिलं, मग अंगदकडं. अंगदनी नजर खाली घातली, पुन्हा वर केली आणि तशीच ठेवली.

"अंगदभाऊ," ती म्हणाली, "ते जरा फुडं घ्या. मागं बसलेल्यांना दिसंना."

अंगदनी फळीसकट प्रोजेक्टर खाली उतरवला, वाकून पत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि पुढं, बल्बच्या बरोबर खाली आणून ठेवला.

आकांक्षाचं बोट बल्बच्या बटणावर होतं. पिक्चर सुरू करायचा तर बल्ब बंद करायला हवा होता. तिनं तो आणखी थोडा वेळ चालू ठेवला.